पाणी निजलं नव्हतं

३ फेब्रुवारी

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. आम्ही खुशाल आहोत, तुम्हीही खुशाल असाल, असं लिहायची पद्धत आहे. पण तू आणि चिऊ खुशाल नाही हे मला ठाऊक आहे, तेव्हा ते वाक्य गाळतो.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. फोन उचलत नाहीस म्हणून मी मुळीच रागावलेलो नाही. ज्या फोनवर भाऊजींची ती बातमी आली तो वाजला की तुला कापरं भरतं, हे तू लिहिलं नसतंस तरी मला कळलं असतं. फक्त इतक्या वर्षांनी तुला पत्र लिहायचं म्हणजे धाकधूक होते. वसतिगृहातून मी पाठवलेली पत्रं तू लाल शाईने तपासून परत पाठवायचीस, ते मी विसरलेलो नाही. या पत्रातल्या चुका पोटात घाल.

घरचं सांगायचं तर बायकोचा गुडघा कुरकुरतो आहे, आणि गुडघ्यापेक्षा बायको जास्त. (हे तिला सांगू नकोस.) अवकाळी पावसाने कामावर छप्पर गळतंय. मी साहेबांना म्हटलं, आपल्या टाकीत पाणी कमी पडू नये म्हणून वरूनच सोय झालेली दिसते. ते हसले नाहीत. साहेब मंडळींना विनोद कळायला मंजुरी लागते.

अपघाताच्या अहवालाची प्रत मिळाली. वाचली. पत्राच्या शेवटी तू एकच प्रश्न विचारला आहेस: ह्यांनी घाई केली का रे? चौकशीवाल्यांनी लिहिलं आहे की बोटीतून तरंगत्या पवनचक्कीच्या शिडीवर जाताना भाऊजींनी घाई केली आणि 'पाऊल टाकण्याची वेळ चुकली'. कुटुंबाला हे मान्य आहे अशी तुझी सही त्यांना बारा मार्चच्या सुनावणीआधी हवी आहे. आणि तू म्हणतेस, तू त्याच कामातला, तू सांगशील ते मी खरं धरीन.

आधी ही चक्की असते कशी, ते सांगतो. भाऊजींनी तुला सांगितलं नसणार. दहा वर्षं चक्क्यांची दुरुस्ती केली, पण घरी विचारलं की 'उंच असते, वारा असतो' एवढंच बोलायचे.

किनाऱ्याजवळच्या चक्क्यांचा खांब समुद्राच्या तळात रोवलेला असतो. खोल समुद्रात खांब पोचत नाही. मग तीन अवाढव्य पोकळ लोखंडी पिंपं त्रिकोणात जोडायची, त्यांच्यावर मनोरा उभा करायचा आणि सगळं पाण्यावर सोडायचं. वाहून जाऊ नये म्हणून खाली साखळ्या आणि नांगर. म्हणजे चाळीस मजल्यांची उंची पाण्यावर तरंगते, वारा तिचं डोकं ढकलतो आणि लाटा पाय ओढतात. तरी ती उभी राहावी हे बघणं माझं काम. समुद्रात सोडण्याआधी तिचं पन्नासपट लहान मॉडेल आमच्या टाकीत येतं. टाकी म्हणजे शाळेचं सभागृह लांबच लांब ओढून पाण्याने भरलं तर जे होईल ते. एका टोकाच्या लोखंडी फळ्या पुढेमागे हलून लाटा करतात, दुसऱ्या टोकाला उतार आहे, तिथे जाऊन लाटा मरतात. मधे मॉडेल डुलत असतं आणि काठावर मी वही घेऊन उभा असतो. तेवीस वर्षं उभा आहे.

एकेका लाटेने ही चक्की फारशी हलत नाही. झोपाळ्यावर बसलेल्या माणसाला पटापट टिचक्या मारल्या तर झोपाळा हलत नाही, तसं. झोपाळ्याच्या स्वतःच्या तालावर ढकललं तरच तो झोका घेतो. या चक्कीचा ताल फार संथ, एक झोका पुरा व्हायला अर्ध्या मिनिटाहून थोडा जास्तच वेळ. एवढी लांब लाट समुद्रात येत नाही, म्हणून आम्ही निश्चिंत असतो. आता लाटा एकेकट्या येत नाहीत, जथ्याने येतात. दोन मोठ्या, एक लहान, पुन्हा दोन मोठ्या, एक लहान. आणि त्या जथ्यालाही एक ताल असतो. पण हा भाग फार किचकट आहे, तुला कशाला त्यात पाडू.

तुझ्या प्रश्नाचं म्हणशील तर चौकशी करणारे अनुभवी लोक आहेत. टाकीच्या काठावरून मी समुद्रातलं सांगणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. तू फार विचार करू नकोस. जेवत जा. चिऊच्या चष्म्याचं काय झालं? मी रविवारी येतो, येताना तिच्यासाठी टाकीतलं एक जुनं मोडकं मॉडेल आणतो, तिला आवडेल.

तुझा,
ढब्बू


१५ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार.

रविवारी आलो नाही. कामाचं कारण कळवलं होतं, ते खोटं होतं. तू ओळखलंसच.

तुझं पत्र तीनदा वाचलं. 'पत्र भरून लाटा लिहिल्यास आणि एका ओळीचं उत्तर तेवढं लिहिलं नाहीस. लहानपणी काही फोडलंस की तू असाच मला आज हवा किती छान आहे ते सांगायचास.' लाल शाई लागली नाही, निळीनेच भागलं.

पण पुढे तू जे लिहिलंस त्याला माझ्याकडे विनोद नाही. त्या दिवशी सकाळी दारात तू भाऊजींना म्हणालीस, 'आज लवकर या हं.' चिऊचे डोळे तपासायला न्यायचं होतं. ते 'बघतो' म्हणाले, आणि जिन्यावरून परत वर येऊन 'येतोच' म्हणाले. आता अहवालात 'घाई' हा शब्द वाचून तुझी खात्रीच झाली आहे की ती घाई तू त्यांच्या हातात दिलीस. चार महिने तू चिऊला शाळेत जाताना काही म्हणत नाहीस, नुसती दार धरून उभी राहतेस. तिने एकदा विचारलं, 'आई, तू मला लवकर ये का म्हणत नाहीस?' आणि तू मोरीत जाऊन नळ सोडलास.

ताई, हे मला माहीत नव्हतं. देवाशपथ माहीत नव्हतं. मला वाटत होतं, माणूस गेल्याचं दुःख आहे, ते वेळेने कमी होईल. त्याच्याखाली हे दुसरं दुःख आहे याची मला कल्पना नव्हती.

तुला एक गोष्ट सांगतो. भाऊजी एकदा आमची टाकी बघायला आले होते. दोन वर्षांपूर्वीचा एप्रिल असेल. तेव्हा टाकीत त्याच चक्कीचं मॉडेल होतं, जिच्यावर पुढे त्यांना काम मिळायचं होतं. 'माझी नवी सासुरवाडी बघायला आलोय' असं दारातच म्हणाले. मला ते 'टाकीवाले' म्हणायचे, तुला ठाऊकच आहे. आमच्या सुतारकाकांशी, म्हणजे मॉडेलं घडवणाऱ्या काकांशी, त्यांचं असं जमलं की दोघं कठड्याला टेकून अर्धा तास मनोऱ्याच्या बिजागऱ्यांवर बोलत होते. मी मधून मधून आमच्या खात्यातल्या गमती सांगत होतो. आमच्याकडे दोन फेऱ्यांच्या मधे वीस मिनिटं थांबायचा नियम आहे. एका फेरीच्या लाटा मेल्या तरी टाकीतलं पाणी आतल्या आत संथपणे या टोकाकडून त्या टोकाकडे जात राहतं, डोळ्यांना दिसत नाही. ते थांबेपर्यंत पुढची फेरी सुरू करायची नाही. आम्ही त्याला 'पाणी निजू देणं' म्हणतो. वहीत प्रत्येक फेरीपुढे लिहावं लागतं: पाणी निजलं. भाऊजींना हे फार आवडलं. 'आमच्याकडे कोणी समुद्राला निजवत नाही हो,' म्हणाले.

छान दिवस होता तो. त्या दिवसाबद्दल अजून सांगायचं आहे, पण आज जमत नाही.

एवढंच कर. सही करू नकोस. मला दहा दिवस दे. ते जुनं मॉडेल चिऊसाठी आणणार होतो ना, ते हे नव्हे. हे दुसरं, भाऊजींच्या चक्कीचं, अजून आमच्या कोठारात आहे. सुतारकाकांनी आज ते खाली उतरवलं. एक फेरी पुन्हा घ्यायची आहे. का, ते काकांनीही विचारलं नाही. त्यांनी नुसता फडका घेऊन धूळ पुसली.

आणि ताई, तू म्हणालीस त्यात काही चूक नव्हती. हे मी तुला नुसतं बरं वाटावं म्हणून लिहीत नाही.

ढब्बू


२५ फेब्रुवारी

ताई,

भाऊजींनी घाई केली नाही.

हे पहिल्या पत्राच्या पहिल्या ओळीत यायला हवं होतं. आता सगळं क्रमाने सांगतो. मधे थांबलो तर पुन्हा हवापाण्यावर जाईन, म्हणून एका बैठकीत लिहितो आहे.

त्या एप्रिलच्या दिवशी आमच्याकडे लहान उंचीच्या, लांब लाटांच्या तीन फेऱ्या होत्या. दूर कुठेतरी वादळ झालं की त्याच्या लाटा दोन-तीन दिवसांनी आपल्याकडे पोचतात, तोवर त्या बसक्या आणि लांब झालेल्या असतात. बोटीतून बघितलं तर समुद्र शांतच वाटतो. या फेऱ्यांत काही घडत नाही असा आमचा तेवीस वर्षांचा अनुभव, म्हणून खात्यात त्यांना 'चहाची फेरी' म्हणतात. फळ्या सुरू करायच्या आणि चहाला जायचं. त्याच समुद्राच्या तीन फेऱ्या, प्रत्येक वेळी लाटांचा क्रम वेगळा. दोन झाल्या, काही घडलं नाही.

तिसरीच्या आधी वीस मिनिटं थांबायचं होतं. पण भाऊजींना साडेतीनची गाडी होती आणि मला त्यांना मॉडेल डुलताना दाखवायचं होतं. मेहुण्याने आपलं काम बघावं, चार शब्द बरे बोलावेत, यापलीकडे माझ्या मनात काही नव्हतं. मी सात मिनिटांतच फळ्या सुरू केल्या.

थोड्या वेळाने मॉडेल झुकायला लागलं. लाट एवढीशी, वाटीत चमचा हलवावा तशी. पण मनोरा संथपणे पुढे जायचा, संथपणे मागे यायचा, आणि दर खेपेला थोडा जास्त. ते आधी भाऊजींच्या ध्यानात आलं. त्यांनी कठड्यावरून वाकून बघितलं.

'टाकीवाले, हे असं काय डोलतंय? लाट तर काहीच नाही.'

'पाणी निजलं नाही अजून,' मी म्हणालो. 'तुमच्यासाठी लवकर सुरू केलं ना.'

'मग आता?'

'आता काय, ही फेरी बाद.'

'पुन्हा घेणार?'

ताई, हा प्रश्न त्यांनी विचारला होता. नियमही तोच होता. फेरी बाद झाली तर पाणी निजू द्यायचं आणि लाटांचा तोच क्रम पुन्हा सोडायचा. पण तोवर त्यांची गाडी चुकली असती, आणि चार वाजता दुसऱ्या गिऱ्हाइकाचं मॉडेल टाकीत उतरणार होतं. मी म्हणालो, 'गरज नाही हो. या लाटेत काही होत नसतं.' आणि वहीत तिसऱ्या फेरीवर काट मारून लिहिलं: बाद. पाणी निजलं नव्हतं. मग त्यांना गाडीवर सोडायला गेलो. पुढच्या अहवालात दोनच फेऱ्या गेल्या. चक्की पास झाली.

मी खोटं लिहिलं नव्हतं, मला खरंच तसं वाटलं होतं. माझ्या हातून नियम मोडला गेला होता, म्हणून मॉडेल जे सांगत होतं त्यावर माझा विश्वास बसला नाही. वीस मिनिटं थांबलो असतो तर त्या डुलण्याला दुसरं नाव द्यायला माझ्याकडे कारणच उरलं नसतं.

त्या तिसऱ्या क्रमात लाटांचे जथे बरोबर चक्कीच्या झोक्याच्या तालावर येत होते. पहिल्या पत्रात जो भाग किचकट म्हणून सोडला तो हाच. किचकट मुळीच नाही, चिऊलासुद्धा कळेल. एकेक लाट टिचकी मारते, पण जथा झोपाळा ढकलतो.

ते चक्कीवर रुजू झाल्यावर दोन महिन्यांनी दुपारच्या सुट्टीत त्यांचा मला फोन आला होता. 'टाकीवाले, तुमचं पाणी अजून निजलेलं नाही बरं का. इथेही कधीकधी तसंच डोलतं.' मी हसलो. म्हणालो, 'समुद्राकडे अर्ज करा.' तेही हसले. एवढंच बोलणं झालं. मी वही उघडून बघितली नाही.

आता अपघाताच्या दिवसाचं. तू पाठवलेल्या अहवालाला शेवटी जोडपत्रं आहेत, बारीक टाइपात, ती तू वाचली नसशील. त्यात बोटीच्या कप्तानाचा जबाब आहे. बोट आपलं नाक चक्कीच्या शिडीशेजारच्या रबरी खांबांना लावून इंजिनाने दाबून धरते. बोट आणि शिडी एक झाली की माणसाने पाऊल टाकायचं. लाटेची उंची ठरावीक मर्यादेच्या खाली असेल तरच. त्या दिवशी ती मर्यादेच्या पुष्कळ खाली होती. कप्तान सांगतो, 'ते दोनदा पुढे आले आणि दोनदा मागे झाले. म्हणाले, थांबू या, नीट बसली नाही. तिसऱ्या वेळी पूर्ण शांत झालं तेव्हा त्यांनी पाऊल टाकलं. मग शिडीच हळूहळू लांब गेल्यासारखी झाली, बोटीची पकड सुटली आणि ते मधल्या पाण्यात गेले.'

दोनदा मागे झाले, ताई. घाई असलेला माणूस दोनदा मागे होत नाही. तू सकाळी 'लवकर या' म्हणालीस, ते त्यांनी ऐकलं, आणि तरी जेवढं थांबायला हवं तेवढं ते थांबले. लाट बघून थांबायचं असतं, ती त्यांनी बघितली. चक्कीचा झोका लाटेत दिसत नाही. तो दिसायची एकच जागा होती, माझी वही, आणि तिथे मी काट मारली होती.

'शिडी लांब गेल्यासारखी' हे चौकशीवाल्यांना खटकलं होतं. त्यांचे अधिकारी, पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ, माझ्याकडे आले. भाऊजींना जाऊन तेव्हा तीन आठवडे झाले होते. त्यांनी विचारलं, 'या एवढ्याशा लाटेत चक्की झुकू शकते का?' मला त्या दिवसाचा समुद्र कसा होता ते आधीच कळलं होतं. बसक्या, लांब लाटा. कळलं त्याच दिवशी मी कपाटातून वही काढली होती, ते पान उघडलं होतं आणि बंद केलं होतं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. तरी मी त्यांना म्हणालो, 'नाही. या लाटेत काही होत नसतं.' त्यांनी लिहून घेतलं. माझ्या त्या एका वाक्यावर अहवाल उभा आहे. चक्की हलली नाही, मग माणूसच चुकला.

आणि तुझ्या घरी, दहाव्या-बाराव्या दिवशी, माणसं भेटायला येत होती तेव्हा शेजारच्या आजोबांनी मला विचारलं होतं, 'तुम्ही जाणकार, काय झालं हो नक्की?' तू आत होतीस, दार उघडं होतं. मी म्हणालो, 'वेळ चुकली असावी.' ते तू ऐकलंस. मला माहीत आहे तू ऐकलंस, कारण आतला भांड्यांचा आवाज थांबला.

चूक माणसाच्या हातून होते, असं कोणी मला म्हणालं तर मी मान डोलावीन. पण त्यानंतर चार महिने मी गप्प बसलो ती चूक नव्हती. भीती होती. नोकरीची, नावाची, आणि सगळ्यांत जास्त तुझी. तू दार लावून घेशील याची. ते दार उघडं राहावं म्हणून मी तुला स्वतःला दोष देऊ दिला. हे लिहिताना मला माझी शिसारी येते आहे.

या मंगळवारी फेरी घेतली. काकांनी मॉडेल साखळ्यांना लावलं. पाणी वीस मिनिटं निजू द्यायचं, मी चाळीस मिनिटं थांबलो. काका बाकावर बसून होते, मी उभा. मग तोच क्रम सोडला. सहाव्या मिनिटाला मनोरा झुकायला लागला. पुढे, मागे, पुढे, मागे, दर खेपेला जास्त. काकांनी टोपी काढली. मी फळ्या बंद केल्या नाहीत, फेरी संपेपर्यंत बघितली, कारण दोन वर्षांपूर्वी तेवढंच करायचं राहिलं होतं. नंतर मी तिथेच ओल्या फरशीवर बसलो आणि मोठमोठ्याने रडलो. काका म्हणाले, 'आता लिहा.' मी लिहिलं. फेरी तिसरी. पाणी निजलं.

काल दोन्ही पानं मी पांढऱ्या मिशांच्या गृहस्थांच्या हातात दिली आणि आधीचा माझा जबाब खोटा होता हे लिहून दिलं. त्यांनी दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवून वाचली. मग म्हणाले, 'तुम्ही मयताचे कोण?' मी नातं सांगितलं. ते म्हणाले, 'मग त्यांच्या पत्नीला सुनावणीत कळण्याआधी तुम्ही सांगा.' ते म्हणाले नसते तरी मी लिहिणार होतो. पण ते म्हणाले, हेही खरं आहे आणि मी लपवत नाही.

साहेबांनी मला टाकीवर यायचं नाही असं सांगितलं आहे. त्या चक्क्यांवर माणसं चढवणं कालपासून थांबवलं आहे. अशा सहा आहेत, रोज त्यांच्यावर कोणी ना कोणी चढत होतं. चार महिने चढत होतं. बायकोला सगळं सांगितलं. ती माझ्याशी बोलत नाही, पण जेवायला वाढते.

मी सुनावणीला असेन. हे सगळं तिथे मोठ्याने सांगेन. तुला पहिल्यांदा कळेल तेव्हा माझं तोंड समोर असू नये, म्हणून आधी कागदावर सांगितलं. माफी मागत नाही. मागितली तर ती द्यायची की नाही हे ओझं पुन्हा तुझ्यावरच येईल, आणि माझं एक ओझं तू चार महिने वाहिलं आहेस, ते पुरे.

उद्या सकाळी चिऊ निघाली की तिला लवकर ये म्हण. एवढं माझं ऐक, पुढे काही ऐकलं नाहीस तरी चालेल.

मला उत्तर पाठवू नकोस. मात्र त्या कागदावर सही करू नकोस, कोणी कितीही समजावलं तरी. हे पत्र चौकशीवाल्यांना दाखवायचं असेल तर खुशाल दाखव. त्यासाठीच खाली हुद्दा लिहून सही करतो आहे. भाऊ म्हणून सही करत नाही. ती जागा रिकामी सोडली आहे, तिथे काय लिहायचं ते तू ठरव.

चाचणीप्रमुख, लाटांची टाकी
(तिसरी फेरी याने बाद केली)